उतरता धावदोरा

बाईंनी जाकीट हँगरवरून काढलं, उलटसुलट करून पाहिलं, पाठीवरच्या धावदोऱ्यावरून अंगठ्याचं नख वरपासून खालपर्यंत सावकाश नेलं आणि किंमत विचारायचं सोडून भलतंच विचारलं, "हे शिवणाऱ्या बाई चालताना उजवा हात हलवतात का हो?" फोर्टमधल्या त्या गॅलरीत प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता, दुपारचे चार वाजले होते, एसीनं ऋताचे पाय गारठले होते, आणि गेल्या चार दिवसांत लोकांनी तिला काय काय विचारलं नव्हतं! रंग जातो का, घरी धुता येईल का, याच्यात मोठा साइज आहे का. पण हात हलवतात का? ऋता सवयीनं हसली, म्हणाली, "म्हणजे?" बाई साठीच्या पुढच्या, कडक इस्त्रीची सुती साडी, चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवलेला. "हे बघा," त्या म्हणाल्या, "वर टाका गव्हाएवढा आहे. मधे आल्यावर तांदळाएवढा. खाली येईपर्यंत खसखस. आणि प्रत्येक ओळीत तसंच. मी मेंदूविकारांची डॉक्टर आहे, अशी अक्षरं मी रोज बघते. कापडावर पहिल्यांदा बघितलं." मग ऋताचा चेहरा पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "चुकतही असेन. पण दाखवून घ्या त्यांना. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या तर पुष्कळ फरक पडतो." जाकीट परत हँगरला लावताना त्यांनी त्याचे खांदे नीट बसवले, "सुंदर आहे," म्हणाल्या, आणि न घेताच गेल्या.

यावर ऋताच्या मनात सगळ्यात आधी काय आलं? जाकीट शिवणाऱ्या दुर्गामावशींची काळजी आली असती तर पुढचं काही सांगायची गरजच उरली नसती. आधी तिनं मान वळवून बघितलं, की पलीकडच्या टेबलावरच्या मुलींनी ऐकलं तर नाही ना. ऐकलेलं नव्हतं. त्या मोबाइलवर कुठलंतरी रील बघून खिदळत होत्या. ऋताला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली, आणि ती लाज बाजूला सारून ती पुढच्या गिऱ्हाइकाला कापूस कुठला ते सांगू लागली.

उतरता धावदोरा हे नाव तिनंच ठेवलेलं. त्याची गोष्टही तिचीच. प्रत्येक कपड्याला सुतळीनं बांधलेला पुठ्ठा असे, त्यावर छापलेलं असे की आमच्याकडे बाळाच्या गालावर तीट लावतात, कारण निर्दोष गोष्टीला दृष्ट लागते. हा चुकत जाणारा टाका म्हणजे आमच्या कापडावरची तीट. वाचून भल्याभल्यांचे डोळे पाणावत. आता खरं सांगायचं तर दुर्गामावशींनी कधी कुठल्या कापडाला तीटबीट लावली नव्हती. बाईनं तीस वर्षं साड्यांना फॉल लावले. दादरच्या दुकानांतून गठ्ठे यायचे, लालबागच्या खोलीत दारापाशी बसून मावशी फॉल लावायच्या, गठ्ठे परत जायचे. आणि फॉलचा टाका कसा, तर साडीच्या सुलट बाजूनं दिसता कामा नये. दिसला की दुकानदार साडी तोंडावर फेकणार. चार वर्षांपूर्वी त्या परळला ऋताच्या गाळ्यात कामाला आल्या तेव्हा त्यांचा टाका पट्टीनं आखल्यासारखा होता, आणि ऋताला तो, स्पष्टच बोलायचं तर, कंटाळवाणा वाटला होता. मग दीड-दोन वर्षांपूर्वी एका करड्या खादीवर ती ओळ आली. वरून सुरू झालेली धीट, खाली येता येता संकोचत गेलेली, शेवटी कापडातच विरून गेलेली. बघितल्याबरोबर ऋताच्या पोटात काहीतरी हललं, आणि तिनं त्याला सौंदर्य म्हटलं. "मावशी, हे असंच करा," ती म्हणाली होती, "आता असंच करायचं." मावशी कापडाकडे बघत राहिल्या होत्या. "ह्या? ह्या चुकलासा," त्या म्हणाल्या. ऋतानं त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, की चुकलं तेच हवंय.

आता अँटवर्प नावाच्या गावातल्या एका दुकानाला तसलीच चाळीस जाकिटं हवी होती, डिसेंबर संपायच्या आत. हे गाव कुठे आहे ते तिच्या नवऱ्याला, यशोधनला, नकाशात शोधावं लागलं. पण सात वर्षं बोहारणीसारखी गाठोडी घेऊन प्रदर्शनं हिंडलेल्या ऋताला त्या गावाचे रस्तेसुद्धा झोपेत दिसायला लागले होते. त्यांच्या पत्रात त्या टाक्याचा फोटो मोठा करून लावलेला होता आणि खाली लिहिलं होतं, हाच हात हवा. हाच हात! गाळ्यात आणखी तीन मुली होत्या, चांगल्या हातांच्या. त्यांना तिनं महिनाभर बसवून हा टाका शिकवून पाहिला होता. स्वतःही बसली होती. मुद्दाम लहान केलेले टाके मुद्दाम लहान केलेलेच दिसत. त्यांच्यात घाबरणं नव्हतं. एक दिवस मुलींवर चिडून तिनं हाच शब्द वापरला होता, की अगं, टाका घाबरलेला दिसला पाहिजे, आणि मुली एकमेकींकडे बघून हसल्या होत्या.

प्रदर्शन संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ती गाळ्याच्या खिडकीत उभी राहिली. एरवी ती अशी कधी उभी राहत नसे. औद्योगिक वसाहतीच्या फाटकातून बायका येत होत्या, डबे, पिशव्या, ओढण्या, बडबड, आणि त्यांच्या मागून मावशी. डावा हात चालण्याबरोबर पुढेमागे होत होता. उजवा कोपरात वाकून पोटाशी थांबलेला, जणू काखेत न दिसणारी पर्स धरलीय. पावलं आखूड. फाटकाच्या उंबऱ्यापाशी त्या थबकल्या, उगाचच, नदी ओलांडायची असावी तशा, आणि मग एकदम पलीकडे आल्या. ऋता खिडकीतून मागे झाली. वर आल्यावर मावशी म्हणाल्या, "काय गो, विकलां मां सगळा?" त्यांचा चेहरा हसला नाही, आवाज तेवढा हसला. हे किती दिवस असं होतं? ऋताला आठवेना, आणि मग आठवलं. गेल्या दिवाळीला मुलींनी सगळ्यांचे फोटो काढले होते, त्यांत मावशी एकट्याच गंभीर होत्या, आणि सगळ्या त्यांना चिडवत होत्या, मावशी, कुणी मेलंय का हो? "विकलं," ऋता म्हणाली. "सगळ्यांना तुमचाच टाका आवडला." एवढंच म्हणाली. दुपारी सांगू, असं तिनं ठरवलं, आणि दुपारी एक पार्सल आलं. मग संध्याकाळी मावशी लवकर निघाल्या. मग रविवार आला.

नाही सांगितलं की दिवस कसे जातात ते बघण्यासारखं असतं. ते नेहमीपेक्षा भराभर जातात. ऋता गिरणगावातून, दादरमधून, बसमधून, लिफ्टमधून ते वाक्य बरोबर घेऊन हिंडत होती, आणि रोज त्याला एखादा शब्द जास्त चिकटत होता. आधी ते फक्त "मावशी, डॉक्टरला दाखवा" एवढंच होतं. मग "एकदा दाखवा, काही नसेलही." मग "सवडीनं दाखवा." यशोधनला तिनं सकाळी चहा पिता पिता सांगितलं, तेव्हा तो मोबाइलमधून वर न बघता म्हणाला, "अगं, मग सांग की! त्यात काय एवढं? आजच सांग." तिला त्याचा इतका राग आला की तिनं कप सिंकमध्ये आपटला. त्यात काय एवढं! यांना सगळं सोपं. "तुला कळत नाही," ती म्हणाली. "काय कळत नाही?" त्यानं विचारलं, आणि आता मात्र वर बघितलं. ती आंघोळीला गेली आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिली. गोळ्यांनी टाका सरळ होईल. एवढंच ते होतं. गोळ्यांनी टाका सरळ होईल, हे तिला त्या डॉक्टरबाईंनी सांगितलंच नव्हतं. ते तिला आधीपासून माहीत होतं.

कारण तिचे वडील. नाना गिरगावात एका वाडीत दोन खोल्यांत राहून फोर्टमधल्या विमा कंपनीत छत्तीस वर्षं कारकुनी केलेले, आणि त्यांचं अक्षर असं की वाडीतल्या प्रत्येक लग्नाच्या पाकिटांवरचे पत्ते लोक त्यांच्याकडूनच लिहून न्यायचे. मग ते अक्षर आक्रसायला लागलं. वाण्याच्या यादीत तूरडाळ ठळक, साखर बारीक, आणि खालचं काय ते वाण्यालाही लागेना. आई ओरडायची, "अहो, मुंग्या काय काढताय? जरा माणसासारखं लिहा!" नाना ओशाळून परत लिहायचे, पहिला शब्द मोठा, मग पुन्हा तेच. बँकेतून सही जुळत नाही म्हणून कागद परत आला त्या दिवशी ते गॅलरीत पाठ करून बसले होते. दोन वर्षं घरात सगळ्यांनी त्याला आळस म्हटलं, वय म्हटलं, आई तर सूड म्हणाली, की माझ्यावर राग आहे म्हणून असं लिहितात. पार्किन्सन हा शब्द फार उशिरा आला. तोवर नाना पॅसेजमध्ये दोनदा पडले होते. गोळ्या सुरू झाल्या आणि यादीतली साखर पुन्हा तूरडाळीएवढी ठळक झाली. ऋता तेव्हा एकोणीस वर्षांची, कपड्यांचं शिकायला नुकतीच लागलेली. नानांना शर्टाची बटणं तरीही लागत नसत, म्हणून तिनं बटणांखाली चाप शिवून दिले; वरून बटण, आतून चाप. तिनं मापानं केलेलं पहिलं काम ते. आरशासमोर उभं राहून नानांनी विचारलं होतं, "बाहेरून कळत नाही ना गं?" ती म्हणाली होती, "अजिबात कळत नाही, नाना." त्यांनी शर्टाच्या पुढच्या भागावरून हात फिरवला होता, फार हळू, आणि ते ऑफिसच्या निरोपसमारंभाला गेले होते. त्या शर्टांतला एकही तिनं ठेवला नव्हता. ठेवली होती ती एक वाण्याची यादी, आणि तीही जपून अशी नव्हे, कशाततरी राहिली म्हणून राहिली.

तर मग करड्या खादीवरची ती पहिली ओळ बघून पोटात हललं ते काय होतं? ऋता कापायच्या टेबलापाशी उभी होती, हातात खडू होता, समोर मावशी शिवत होत्या, आणि तिला अचानक ती खुर्ची दिसली. हातांची खुर्ची. बाकी सगळ्या स्टुलांवर बसायच्या, मावशींसाठी ऋतानं वर्षापूर्वी हातांची खुर्ची आणवली होती, म्हणजे उठताना धरायला बरं. मावशींचा चहा बशीत येत नसे, जाड मगात येई, अर्धा भरलेला. सुयांमध्ये दोरे ओवून त्यांच्यासमोर उशीला लावून ठेवायचं काम तिनं एका मुलीला नेमून दिलं होतं. हे सगळं आपण कधी केलं? कुणी सांगितलं होतं आपल्याला? सगळ्या जणी म्हणत, ताई मावशींचं किती करतात. तिला भीती वाटली, साधी भीती, एखाद्या घरात आपण एकटेच आहोत असं समजून वावरावं आणि दुसरं कुणी तरी सतत सोबत हिंडत होतं हे कळावं तशी. वर्षभर ती त्या आजाराची बडदास्त ठेवत होती. त्याला हवं नको बघत होती. तो बरा राहावा म्हणून.

त्यानंतरच्या मंगळवारी मावशी आल्याच नाहीत. साडेदहा झाले, अकरा झाले, फोन उचलेनात. ऋतानं भिंतीवरच्या यादीकडे बघितलं. अकरा जाकिटं राहिली होती. हेच आधी आलं मनात, अकरा, आणि मग बाकीचं. तिनं स्वतःला चार शिव्या घातल्या आणि ठरवलं की आज सांगायचं, काय व्हायचं ते होवो, अँटवर्प गेलं खड्ड्यात. तशीच निघाली. परळहून लालबागपर्यंत चालत गेली. पुलाखालची गर्दी, मसाल्याच्या दुकानांतून येणारा भाजलेल्या मिरच्यांचा खकाणा, गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या काचांवर आपटून अंगावर येणारं ऊन, सगळ्यातून ती वाक्य घोकत गेली, आणि ते आता पुन्हा लहान झालं होतं, मूळचं, तीन शब्दांचं. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर मावशी दारातच बसल्या होत्या, पाय लांब करून, घोट्याला ओढणी गुंडाळलेली.

"पाय खिळलो गो," त्या म्हणाल्या. "मोरीत जायत होतंय. उजवो पाय उचलाकच नाय. अंग फुडे नि पाय मागे. पडलंय ती थयच."

"मावशी," ऋता दारातच खाली बसली, "माझं ऐका. एका डॉक्टरांनी तुमचा टाका बघितला. त्या म्हणाल्या—"

"माका म्हायत आसा."

"काय माहीत आहे?"

"पार्किसन." मावशींनी तो शब्द गावाकडच्या एखाद्या माणसाचं नाव घ्यावं तसा घेतला. "चतुर्थीच्या आदी सुनेन नेल्यान माका इस्पितळात. गोळयो दिल्यानी. तीन येळा. सकाळी, दुपारी, सांजवेळी."

ऋताला वाटलं, सुटले. इतकं हलकं वाटलं तिला, की डोळे भरून आले. "मग? घेताय ना?"

मावशींनी गॅलरीच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं. "घेतलेलंय. पंदरा दिवस. हात कसो सुटलो, काय सांगू तुका! केसांची येणी घालूक येयत. आनी मगे ता निळा जाकीट शिवलंय, आठावता? पट्टीसारखो टाको. माका काय बरां वाटला! तू हातात घेतलंस नि म्हणालंस, मावशी, ह्यात तुम्ही दिसत नाही."

ऋताला आठवत नव्हतं. मग निळं जाकीट आठवलं, खिडकीपाशी धरलेलं, आणि आपला आवाज आठवला, लाडीक, जरा रुसलेला. हे उसवा, मावशी. तुमचा हात परत आणा.

"तवां बंद केलंय," मावशी म्हणाल्या. "सून मोजता म्हणान एकेक काढतंय नि मोरीत टाकतंय."

"मावशी! वेड लागलंय का तुम्हाला?" ऋता ओरडलीच. शेजारच्या खोलीतला कुकर शिट्टी देऊन थांबला. "जाकिटासाठी? आजपासून गोळ्या सुरू करायच्या. आत्ताच्या आत्ता. कुठायत?"

मावशी हलल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, आता तो चेहरा काही दाखवतच नसे. पण उजवा हात मांडीवर पडल्या पडल्या थरथरायला लागला. "तीस वर्सां फॉल लायलंय मी," त्या म्हणाल्या. "कोणाक दिसलो नाय टाको. दिसाक नको हुतोच. तुझ्या त्या मोबाइलात बगलंय, गोरी बायल बोट फिरयता टाक्यार. माझ्या टाक्यार. गोळये घेतलंय तर मी परत फॉलवाली. मगे तू माका ठेवतलंस?"

आता फक्त हो म्हणायचं होतं. एकच अक्षर. सरळ शिवा, मावशी, कसंही शिवा, मी ठेवीन. ऋतानं तोंड उघडलं, आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, अगदी मवाळ, समजूतदार. "अकरा राहिलीत हो मावशी. डिसेंबरपर्यंतच."

मावशींनी श्वास सोडला. "ता करतंय ना गो! मी घाबारलंय, म्हटलां आता तू बस म्हणतलंस. डिसेंबर झालो की घेतंय. तुझ्या गळ्याची शप्पत." त्यांनी डाव्या हातानं ऋताच्या गालावरून हात फिरवला, आणि ऋतानं तो फिरवू दिला.

जिन्यात चपला वाजल्या. मावशींची सून प्राची अर्धी सुट्टी टाकून आली होती, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच, एका हातात औषधांची पिशवी, घामाघूम झालेली. ऋताला बघून तिचा चेहरा उजळला. "अय्या, ताई, तुम्ही आलात! बरं झालं बाई. मला फोनवर नुसतं पडले म्हणून सांगितलं, माझा जीवच गेला." तिनं वाकून सासूचा घोटा बघितला, ओढणी नीट केली, आणि तिथेच उंबऱ्यावर टेकली. "उद्या परत दाखवायला नेतेय यांना. तीन महिने झाले, गोळ्यांचा काडीचा फरक नाही. डॉक्टर म्हणाले, फरक नसेल तर आपल्याला डोस दुप्पट करावा लागेल, पण आधी खात्री करा, पेशंट नियमित घेतोय ना. सकाळ-संध्याकाळच्या मी मोजून बघते. पण दुपारची तुमच्याकडे असते." ती ऋताकडे वळली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "खरं सांगा ताई, दुपारची घेतात ना त्या?"

मावशी समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"हो," ऋता म्हणाली. "रोज. मी स्वतः हातात देते."

"मग वाढवायलाच सांगते," प्राची म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.